गावातच राहणारा रिक्रूटर

सैन्यभरती म्हटले की आपल्याकडे मैदान आठवते. पहाटेच्या अंधारात लागलेल्या रांगा, १६०० मीटरची धाव, उंची आणि छातीचे मोजमाप, कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या फायली आणि कुंपणाबाहेर ताटकळणारे वडील. कोल्हापूर घ्या, सातारा घ्या, बुलढाणा घ्या. जागा थोड्या आणि पोरे हजारो. आपल्याकडच्या भरती अधिकाऱ्याला निवडायचे असते. अमेरिकेतल्या भरती करणाऱ्याला मुले शोधत फिरावे लागते. तो शाळेच्या कॅन्टीनबाहेर टेबल मांडतो, संध्याकाळी घरोघरी फोन लावतो, फुटबॉलच्या सामन्याला जातो, मॉलमध्ये मुलांशी गप्पा मारतो. शंभर जणांशी बोलावे तेव्हा कुठे एक-दोन जण पुढच्या भेटीला येतात. या माणसाला तिथे रिक्रूटर म्हणतात.

बहुतेक रिक्रूटर नियमित सैन्यातले असतात. तीन-एक वर्षांसाठी त्यांची या कामावर नेमणूक होते, मुदत संपली की ते आपल्या पलटणीत परततात. त्यांच्याबरोबर आणखी एक वर्ग हे काम करतो आणि त्याच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. हे आहेत राखीव सैनिक. आठवडाभर दुसरीकडे नोकरी करणारा, महिन्यातून एकदा गणवेश घालणारा सार्जंट एके दिवशी ठरवतो की आपण भरतीचे काम पूर्णवेळ पत्करावे. हा निर्णय घेताना तो पगार पाहतो, भत्ते पाहतो, कामाचे तास विचारतो, आणि ते रास्तच आहे. पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. नियमित सैन्यातला रिक्रूटर तीन वर्षांनी दुसऱ्या राज्यात निघून जातो. राखीव दलाचा, विशेषतः राज्यांच्या नॅशनल गार्ड या दलाचा रिक्रूटर ज्या गावात मुले भरती करतो त्याच गावात राहतो. त्याने ज्याची सही घेतली त्या मुलाची आई त्याला पुढची वीस वर्षे किराणा दुकानात भेटणार असते.

हे काम अमेरिकेत इतके अवघड का झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथे सक्तीची लष्करी सेवा होती. त्या सक्तीतून सुटण्याचा एक कायदेशीर मार्ग म्हणजे नॅशनल गार्डमध्ये किंवा राखीव दलात नाव घालणे, कारण त्या तुकड्या व्हिएतनामला फारशा पाठवल्या जात नव्हत्या. त्यामुळे गार्डच्या दारात प्रतीक्षायादी लागलेली असे. भरतीसाठी वेगळे कष्ट घ्यायची वेळच येत नव्हती. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९६९ मध्ये माजी संरक्षणमंत्री थॉमस गेट्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन हेही त्या आयोगावर होते. सैन्य स्वेच्छेने आलेल्या माणसांचेच असावे, अशी शिफारस आयोगाने १९७० मध्ये केली आणि १ जुलै १९७३ पासून सक्ती संपली. नियमित सैन्याला याचा धक्का बसलाच, पण राखीव दलांना जास्त बसला. सक्ती गेली, तिच्यापासून पळण्याचे कारण गेले आणि प्रतीक्षायादीही गेली. त्या दिवसापासून गार्डच्या प्रत्येक तुकडीला आपले माणूस आपणच शोधावे लागते.

पुढच्या दहा वर्षांत भरती हा एक पेशा बनला. १९७९ मध्ये भरती विभागाची सूत्रे हाती घेतलेले जनरल मॅक्सवेल थर्मन हे त्यातले मोठे नाव. कुठल्या गावात किती मुले आहेत, कुठली शाळा पुढे येते, कोणाला शिक्षणाचा पैसा हवा आहे, याचा हिशेब त्यांच्या काळात शिस्तीने मांडला जाऊ लागला. ‘बी ऑल यू कॅन बी’ ही १९८१ पासून देशभर गाजलेली घोषणा त्याच काळातली. २०२३ मध्ये सैन्याने हीच घोषणा पुन्हा वापरायला काढली, यावरून तिचा प्रभाव लक्षात येईल.

आता त्या सार्जंटच्या घरी येऊ. राखीव सैनिकाचे अर्थकारण समजले नाही तर पूर्णवेळ जागेचे आकर्षण समजणार नाही. ड्रिलच्या, म्हणजे महिन्यातल्या सरावाच्या, एका शनिवार-रविवारी चार हजेऱ्या धरल्या जातात आणि प्रत्येक हजेरीला महिन्याच्या मूळ पगाराचा तिसावा भाग मिळतो. म्हणजे दोन दिवस काम आणि चार दिवसांचा पगार. ऐकायला बरे वाटते, पण त्यावर घर चालत नाही, ती जोडकमाईच राहते. पेन्शनसाठी वीस पात्र वर्षे भरावी लागतात आणि ती भरली तरी रक्कम सर्वसाधारणपणे साठाव्या वर्षी सुरू होते. चाळिशीत निवृत्त झालेल्या राखीव सैनिकाला वीस वर्षे वाट पाहावी लागते.

पूर्णवेळ जागा मिळाली की हे सगळे बदलते. या व्यवस्थेला ‘अॅक्टिव्ह गार्ड रिझर्व्ह’ म्हणतात. सैनिक राखीव दलाचाच राहतो, पण पगार, घरभाडे भत्ता, वर्षाला ३० दिवसांची रजा आणि कुटुंबाची आरोग्यसेवा नियमित सैनिकासारखी मिळते. अमेरिकेत कुटुंबाचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो आणि तो महाग असतो, म्हणून दोन लहान मुले असलेल्या घरात हा एकच मुद्दा निर्णय फिरवू शकतो. वीस वर्षे पूर्णवेळ सेवा झाली तर पेन्शन लगेच सुरू होते. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या पद्धतीत ती मूळ पगाराच्या सरासरीवर वर्षाला दोन टक्के, म्हणजे वीस वर्षांना चाळीस टक्के अशी बसते. पूर्णवेळ जागा अनेक प्रकारच्या असतात, पण भरती विभागाला माणसे सतत लागतात, म्हणून पायदळातला किंवा वाहतूक कंपनीतला सार्जंट याच दाराने आत येण्याचा विचार जास्त करतो.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. अर्ज करणाऱ्यांपैकी अनेकांना तो उशिरा कळतो. नॅशनल गार्ड हे राज्याचे दल आहे. त्याचा पूर्णवेळ रिक्रूटर बहुधा संघराज्याच्या कायद्याच्या ३२ व्या खंडाखाली काम करतो. पगार वॉशिंग्टनचा आणि हुकूम राज्यपालांचा. त्याची बदली झाली तरी ती आपल्या राज्यातच होते. आर्मी रिझर्व्ह हे मात्र पूर्णपणे संघराज्याचे दल आहे. तिथला पूर्णवेळ सैनिक दहाव्या खंडाखाली येतो आणि त्याला देशात कुठेही पाठवता येते. गणवेश जवळजवळ सारखा, काम सारखे, पण एकाचे घर गावात राहते आणि दुसऱ्याला तीन वर्षांनी मुलांची शाळा बदलावी लागते. नौदलाच्या राखीव दलात तिसरा मार्ग आहे. तिथे राखीव खलाशाला ‘कॅन्व्हासर रिक्रूटर’ म्हणून ठराविक मुदतीसाठी बोलावतात आणि काम संपल्यावर तो पुन्हा महिन्यातून एकदा येणारा खलाशी होतो. ज्याला हे काम आपल्याला जमेल की नाही याची खात्री नाही, त्याच्यासाठी असा मुदतीचा मार्ग बरा. गार्डमध्येही काही जणांना आधी वर्षभराच्या तात्पुरत्या हुकमावर घेऊन पाहतात. आणि जुनी नोकरी? १९९४ च्या कायद्याने, काही अपवाद सोडता, लष्करी सेवेसाठी सोडलेल्या नोकरीवर परत येण्याचा हक्क एकूण पाच वर्षांपर्यंत शाबूत राहतो. पाच वर्षे उलटली की मागचे दार बंद होते. हा आकडा घरात कॅलेंडरशेजारी लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे.

निवड झाली की प्रशिक्षण. गार्डच्या रिक्रूटरना आर्कान्सा राज्यातल्या कॅम्प रॉबिन्सन इथे शिकवतात, तर सैन्याच्या भरती विभागाचे मुख्यालय आणि महाविद्यालय केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथे आहे. तिथे फोनवर कसे बोलावे, मुलाखत कशी घ्यावी, आक्षेपांना उत्तर कसे द्यावे, कागद कसे भरावेत हे सगळे शिकवतात. पण कामाची नाडी कळते ती गावात परतल्यावर.

महिना सुरू होतो तो आकड्याने. या महिन्यात इतकी माणसे. सैनिकांच्या भाषेत हे ‘मिशन’. आकडा लहान असतो, एक-दोन-तीन, म्हणून बाहेरच्याला तो सोपा वाटतो. तो का सोपा नाही हे सैन्याच्याच एका पाहणीतून दिसते. २०२० च्या पाहणीनुसार १७ ते २४ वयोगटातल्या अमेरिकी तरुणांपैकी ७७ टक्के जण कुठलीही सवलत न देता सेवेला पात्र ठरत नाहीत. वजन, अमली पदार्थ, शारीरिक किंवा मानसिक आजार, पोलिसांत नोंद. बहुतेकांच्या बाबतीत एकाहून जास्त कारणे. उरलेल्यांमध्ये कॉलेजला निघालेले, चांगली नोकरी मिळालेले आणि सैन्यात मुळीच रस नसलेले असतातच. म्हणजे रिक्रूटर ज्याच्यासाठी दिवसभर गाडी फिरवतो तो मुलगा किंवा मुलगी आधीच दुर्मीळ असते.

असा मुलगा सापडला तरी वाट लांब आहे. आधी लेखी परीक्षा, ‘अॅसव्हॅब’. सैन्यात यायला तिच्यातल्या पात्रता गुणांचा किमान ३१ वा शतमक लागतो. मग ‘मेप्स’ केंद्रावर शारीरिक तपासणी. मार्च २०२२ पासून या केंद्रांवर नवी वैद्यकीय नोंदप्रणाली आली आणि अर्जदाराचा नागरी दवाखान्यांतला इतिहास डॉक्टरांना थेट दिसू लागला. त्याआधी बरेच काही उमेदवार सांगेल त्यावर चाले. लहानपणीचा दमा, सोळाव्या वर्षी घेतलेली नैराश्यावरची गोळी या गोष्टी मुले सांगत नसत, आणि काही रिक्रूटर त्यांना न सांगण्याचा सल्लाही देत. लष्करी कायद्यात माहिती लपवून भरती होणे हा गुन्हा आहे आणि अपात्र असल्याचे ठाऊक असताना एखाद्याला भरती करून घेणे हाही. नव्या प्रणालीने कामाचा वेग मंदावला, याबद्दल रिक्रूटर तक्रार करतात. मला मात्र ती प्रणाली मुलांच्या बाजूची वाटते. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या आठवड्यात दम्याचा झटका येण्यापेक्षा मेप्सवर नकार मिळालेला बरा.

उमेदवार १७ वर्षांचा असेल तर आई-वडिलांची सही लागते. गार्डमध्ये अशी मुले बरीच असतात, कारण शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांमधल्या उन्हाळ्यात मूलभूत प्रशिक्षण आणि शाळा संपल्यावर पुढचे तांत्रिक प्रशिक्षण, अशी सोय तिथे आहे. मग रिक्रूटर त्या घरी जातो. अशा भेटीत वडील शिक्षणाच्या पैशाबद्दल विचारतात आणि आई विचारते, ‘याला लढाईवर पाठवतील का?’ या कामात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. राखीव सैनिक असलेल्या रिक्रूटरकडे त्याचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून आलेले असते. तो स्वतः पुराच्या वेळी वाळूच्या गोण्या रचायला गेलेला असतो, कदाचित इराकलाही जाऊन आलेला असतो. म्हणून लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात, आणि म्हणूनच त्याने अर्धे उत्तर दिले तर ते परक्या रिक्रूटरच्या अर्ध्या उत्तरापेक्षा जास्त घातक ठरते.

‘महिन्यातून एक शनिवार-रविवार, वर्षातून दोन आठवडे’ ही गार्डची जुनी जाहिरात. २००५ मध्ये इराकमधल्या अमेरिकी सैन्यात जवळपास ४० टक्के माणसे गार्ड आणि राखीव दलांची होती. त्याच वर्षी कतरिना चक्रीवादळानंतर गार्डचे ५० हजारांवर सैनिक मदतीला धावले. शनिवार-रविवारच्या भाषेत हे बसत नव्हते आणि ती ओळ मागे पडली. पण करारातली एक गोष्ट आजही मुलांच्या लक्षात येत नाही. पहिल्यांदा भरती होणाऱ्या प्रत्येकाची लष्करी बांधिलकी एकूण आठ वर्षांची असते. गार्डमध्ये ती बहुधा सहा वर्षे ड्रिल आणि दोन वर्षे नुसते नाव यादीत, अशी विभागलेली असते, पण त्या दोन वर्षांतही बोलावणे येऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलाला आठ वर्षे म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळपास निम्मा काळ. हे त्याला कोणी समजावून सांगायचे? दुसरे कोणी नसते. रिक्रूटरच असतो.

आणि त्याच रिक्रूटरवर महिन्याचा आकडा असतो. हा ताण काय करू शकतो याची उदाहरणे लपलेली नाहीत. २००५ मध्ये इराक युद्ध ऐन भरात असताना सैन्याला ८० हजार माणसे हवी होती, मिळाली सुमारे ७३ हजार. गार्डही आपल्या उद्दिष्टापासून बराच मागे राहिला. कॉलराडोत शाळेच्या वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने शाळा सोडलेला मुलगा असल्याची बतावणी केली, तेव्हा रिक्रूटरने त्याला खोटे प्रमाणपत्र मिळवण्याची वाट दाखवली. टेक्ससमध्ये एका रिक्रूटरने भेटीला न आलेल्या तरुणाला अटकेची धमकी दिली. ही प्रकरणे दूरचित्रवाणीवर आली आणि २० मे २००५ रोजी सैन्याने देशभरची भरती एक दिवस थांबवून सगळ्या रिक्रूटरना नीतिनियमांची उजळणी करायला लावली.

त्याहून वेदनादायक गोष्ट ह्यूस्टनची. तिथल्या भरती बटालियनमधल्या चार सैनिकांनी २००५ ते २००८ या काळात आत्महत्या केल्या. चौघेही इराक किंवा अफगाणिस्तानात जाऊन आलेले होते. टेक्ससचे सिनेटर जॉन कॉर्निन यांनी चौकशीची मागणी लावून धरली. चौकशीत एकच एक कारण सापडले नाही, पण वरिष्ठांची वागणूक आणि कामाचा ताण यांवर बोट ठेवले गेले. १३ फेब्रुवारी २००९ रोजी भरती पुन्हा एक दिवस थांबली, या वेळी रिक्रूटरच्या स्वतःच्या आरोग्यासाठी. युद्धावरून आलेला माणूस शांत गावातल्या कार्यालयात बसला की सुरक्षित झाला, असे समजणे किती चुकीचे होते ते तेव्हा कळले. पलटणीत असताना चारी बाजूंना सोबती असतात. भरती केंद्रावर दोन-तीन माणसे, जवळ छावणी नाही, लष्करी दवाखाना नाही, आणि दर महिन्याला आकडा पुन्हा शून्यापासून सुरू. राखीव सैनिकाला आपले गाव, आपली माणसे असतात, हा त्याचा आधार. पण युद्धावरून परतलेला सार्जंट हे काम पत्करत असेल तर त्याने आणि त्याच्या बायकोने ह्यूस्टनची गोष्ट आधी वाचावी, असे मला मनापासून वाटते.

राखीव सैनिक आणि भरती यांच्या नात्यातला सर्वांत मोठा धडा मात्र पैशाचा आहे. २००५ मध्ये गार्डने एक योजना सुरू केली. पूर्णवेळ रिक्रूटर नसलेल्या, महिन्यातून एकदा येणाऱ्या सैनिकांनी, निवृत्तांनी आणि काही नागरिकांनीही ‘भरती सहायक’ व्हायचे, ओळखीतल्या मुलांना गार्डमध्ये आणायचे. मुलाने करारावर सही केली की एक हजार डॉलर, तो प्रशिक्षणाला रवाना झाला की आणखी एक हजार. पैसे ठेकेदार कंपनीमार्फत थेट सहायकाच्या खात्यात. कल्पना चुकीची नव्हती. गावातला सैनिक आपल्या चुलतभावाला, शेजाऱ्याला, गोदामातल्या सहकाऱ्याला जितका ओळखतो तितका कुठलाही जाहिरातदार ओळखू शकत नाही. योजनेतून एक लाखाहून जास्त माणसे गार्डमध्ये आली आणि युद्धाच्या ऐन काळात तुकड्या भरल्या. पुढे आर्मी रिझर्व्हनेही तिची नक्कल केली.

पण पूर्णवेळ रिक्रूटरला हे बक्षीस घ्यायला मनाई होती आणि भरतीला आपणहून आलेल्या मुलांची माहिती मात्र त्याच्याकडेच असे. काही रिक्रूटरनी त्या मुलांची नावे आणि ओळखक्रमांक सहायकांना दिले. सहायकाने ‘मी आणले’ म्हणून दावा करायचा आणि दोन हजार वाटून घ्यायचे. २०१२ मध्ये योजना बंद झाली. तोवर तीस कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला होता. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी सिनेटर क्लेअर मॅकास्किल यांच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि देशाला या घोटाळ्याचा आवाका कळला.

गोष्ट इथे संपत नाही. पुढचा भाग त्या सार्जंटने जास्त लक्षपूर्वक वाचायला हवा. लष्कराच्या गुन्हे अन्वेषण विभागाने हजारो सहायकांची चौकशी केली. त्यात खरे चोर होते, तसे नियमाप्रमाणे माणसे आणणारेही होते. पाच-सात वर्षांपूर्वी कोणत्या मुलाशी आपण नक्की कधी बोललो याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता, कारण तो ठेवायला त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. योजनेचे नियमही मधे मधे बदलत गेले होते. खटला न चालता, दोष सिद्ध न होता अनेकांची नावे गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदीत गेली. बढत्या अडल्या, नोकऱ्या मिळेनात. अखेर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सैन्याने या प्रकरणांची फेरतपासणी जाहीर केली आणि अन्याय झाल्याचे मान्य करून अनेकांची नावे नोंदीतून काढायला सुरुवात केली. तोवर काहींच्या आयुष्याची दहा वर्षे गेली होती. योजना घाईने आखणाऱ्यांपैकी कोणाला असा भुर्दंड पडल्याचे दिसत नाही. तो पडला महिन्यातून एकदा येणाऱ्या सैनिकांना. सध्याची पद्धत वेगळी आहे. २०२३ पासून, दुसऱ्याला भरतीसाठी पुढे आणणाऱ्या सैनिकाला छातीवर लावायची रिबन मिळते आणि कनिष्ठ सैनिकाला बढतीही मिळू शकते. पैशापेक्षा हे बरे, असे माझे मत आहे. तरीही भरतीच्या कामात असलेल्या राखीव सैनिकाने प्रत्येक भेटीची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी.

गावातल्या माणसाने गावातली मुले भरती करायची, याचा खरा अर्थ व्हर्जिनिया राज्यातल्या बेडफर्डला कळला. तेव्हा सव्वातीन हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. महामंदीच्या काळात तिथल्या तरुणांनी गार्डच्या ‘ए’ कंपनीत नावे घातली. एका ड्रिलला एक डॉलर मिळत असे आणि त्या दिवसांत तोही मोठा होता. भाऊ भावाला घेऊन आला, मित्र मित्राला. १९४१ च्या फेब्रुवारीत कंपनी संघराज्याच्या सेवेत गेली आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत ओमाहा किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या लाटेत होती. त्या एका दिवसात बेडफर्डचे किमान १९ तरुण मारले गेले. गावाला ते जवळपास सहा आठवड्यांनी, १७ जुलैला कळले. औषधाच्या दुकानातल्या तारयंत्रावर एकामागून एक तारा येत राहिल्या. लोकसंख्येच्या मानाने अमेरिकेतल्या कुठल्याही गावाने त्या दिवशी इतकी माणसे गमावली नसावीत, म्हणून त्या दिवसाचे, म्हणजे ‘डी-डे’चे, राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये नाही, बेडफर्डला आहे.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ३ ऑगस्ट २००५ रोजी इराकमधल्या हदिथाजवळ रस्त्यावरच्या स्फोटात एकाच वाहनातले १४ मरीन मारले गेले. त्यांच्यातले बरेच जण ओहायोतल्या कोलंबसमध्ये मुख्यालय असलेल्या लिमा कंपनीचे, म्हणजे राखीव दलाचे होते. ती राखीव तुकडी असल्यामुळे दुःखही देशभर विखुरले नाही, एकाच भागावर कोसळले. 

म्हणून या नोकरीचा विचार करणाऱ्या राखीव सैनिकाने पगाराच्या आधी काही गोष्टी विचाराव्यात. ज्या केंद्रावर जायचे तिथे गेल्या वर्षी किती महिने मिशन पुरे झाले आणि किती रिक्रूटर मुदतीआधी काम सोडून गेले? प्रमुख सार्जंट मिशन हुकलेल्या महिन्यात कसा वागतो? हे त्या केंद्रातल्या सर्वांत कनिष्ठ रिक्रूटरला एकट्याला गाठून विचारावे. काम जमले नाही तर आपल्या जुन्या तुकडीत, जुन्या कामावर परत जाता येईल का, आणि ते कागदावर मिळेल का? शनिवारी काम असते, संध्याकाळी काम असते, कारण मुले शाळेतून आणि पालक कामावरून तेव्हाच घरी येतात. हे घरच्यांना पटले आहे का? गार्डच्या रिक्रूटरवर आणखी एक जबाबदारी असते. त्याने आणलेली मुले मूलभूत प्रशिक्षणाला जाईपर्यंत दर महिन्याला वेगळ्या ड्रिलला येतात, त्यांची तयारी आणि धीर टिकवणे हेही त्याचेच काम. शिवाय मुदत संपत आलेल्या सैनिकांना थांबण्यासाठी समजावणेही त्याच्या पदातच आहे. म्हणजे त्याला माणूस एकदा भेटून सुटत नाही. ज्याला लोकांमध्ये राहायला आवडते त्याला हे काम फार समाधान देऊ शकते. शाळेत कोणी न विचारलेला मुलगा वर्षभराने ताठ उभा राहून घरी येतो आणि सरकारी मदतीवर कॉलेजात जातो, हे दृश्यही त्याच गावात दिसते. ते खोटे नाही आणि त्याचे मोलही कमी नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले किंवा नातवंडे न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात वाढत आहेत, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. २००१ च्या शिक्षण कायद्यापासून सरकारी मदत घेणाऱ्या माध्यमिक शाळांना विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक रिक्रूटरना द्यावे लागतात. नको असेल तर पालकांनी शाळेला लेखी कळवायचे असते. ग्रीन कार्ड असलेल्या तरुणाला सैन्यात जाता येते आणि सेवेमुळे नागरिकत्वाची वाट सोपी होते. विद्यार्थी व्हिसावरच्यांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या एका योजनेतून हिंदी, तमिळ, पंजाबी अशा भाषा बोलणारे अनेक भारतीय तरुण सैन्यात गेले होते. २०१६ मध्ये ती थांबली आणि अनेक जण पार्श्वभूमी तपासणीत दीर्घकाळ अडकून पडले. आज त्या योजनेच्या नावाने कोणी आशा दाखवली तर ती खोटी समजावी.

२०२२ मध्ये अमेरिकी सैन्याला ६० हजारांपैकी १५ हजार माणसे कमी पडली. त्याच वर्षी वजन किंवा परीक्षेत थोडक्यात हुकणाऱ्यांसाठी साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला पूर्वतयारी वर्ग सुरू झाला, भरतीसाठी खास वेगळा पेशा तयार करण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले, आणि २०२५ मध्ये ६१ हजारांचे उद्दिष्ट मुदतीच्या चार महिने आधी गाठले गेले. आकडे असे खाली-वर होत राहतील. चांगल्या वर्षात मिशन सहज पुरे होते तेव्हा प्रामाणिक राहणे सोपे असते. या कामावर घेताना वाईट वर्षाचा विचार करूनच माणूस घ्यायला हवा.

भरतीच्या करारात, म्हणजे ‘डीडी फॉर्म ४’ या कागदात, एक कलम आहे. या कागदात आणि त्याच्या जोडपत्रांत जे लिहिलेले नाही ते वचन पाळले जाणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तोंडी दिलेला कोणताही शब्द त्यापुढे टिकत नाही. हे कलम आणि त्याबरोबरची आठ वर्षांची बांधिलकी उमेदवाराच्या आई-वडिलांसमोर स्वतःहून मोठ्याने वाचायची ज्या राखीव सैनिकाची तयारी आहे, त्या वाचनामुळे त्या महिन्याचे मिशन हुकले तरीही ज्याची तयारी आहे, त्याने ही नोकरी जरूर घ्यावी. आणि समोर बसलेला रिक्रूटर ते वाचत नसेल, तर पालकांनी कागद हातात घेऊन ते स्वतः वाचावे; सही त्यानंतर करायची.